शेंदराखालचा आकडा

उदगीरजवळच्या त्या गावात शेषेरावच्या ओट्यावर निम्मं गाव गोळा झालं होतं. लातूरच्या नव्या संग्रहालयासाठी जुनी हत्यारं पारखणाऱ्या मनस्विनीबाई आल्या होत्या. चटईवर शेषेरावच्या बापाची, हणमंतरावांची, रझाकारांच्या काळातली बंदूक ठेवली होती. नळी सरकारी कागदानिशी केव्हाच बंद केलेली; दसऱ्याला झेंडूचा हार मिरवायचा, एवढंच तिचं काम उरलं होतं.

गंगम्मा कडेला खांबाला टेकून बसली. या ओट्यावर ती जन्मात पहिल्यांदाच आली होती. हणमंतरावांनी पारावर बसून आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: निजामाच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या पहारेकऱ्याची बंदूक मी एकट्यानं हिसकावली, सोबतचा भीमाशंकर वाटेतनंच पळाला. तो भीमाशंकर म्हणजे गंगम्माचा बाप. तो परत आलाच नाही, मग खोडून काढणार कोण? पळपुट्याची पोर हे नाव घेऊनच ती जन्मली आणि त्याच नावानं म्हातारी झाली.

मनस्विनीबाईंनी भिंगातून पाहिलं. "बंदूक त्या काळातली आहे. पण हा बोल्ट, गोळी आत ढकलणारा हा तुकडा, हिचा नाही. कारखान्यात प्रत्येक बोल्ट आपापल्या बंदुकीत बसवून दोन्हींवर एकच आकडा ठोकतात. बंदुकीवर ८४१७ आहे, बोल्टवर वेगळाच. मूळचा कुठंय?"

शेषेराव गोंधळला. "आमी तर हाच बघत आलोय."

गंगम्मा खांब सोडून पुढं सरकली. "माझ्या देव्हाऱ्यात हाय," ती म्हणाली.

ओट्यावर हसू फुटलं. तिचा शेंदरी देव साऱ्या गावाला ठाऊक होता. बंदूक हिसकावल्याच्या पहाटे बाप मागच्या दारानं आला, लोखंडाचा तुकडा आईच्या ओटीत टाकून म्हणाला, "हे जप. याच्याबिगर ती बंदूक कुणावर चालायची न्हाई." आणि गेला तो गेलाच. आई सांगत राहिली, लोक लोहाराकडचं भंगार म्हणत राहिले. शेवटी आईनं वाद सोडला आणि तुकड्याला शेंदूर लावला. दर अमावास्येला तेल-शेंदूर, थरावर थर. आईच्या माघारी गंगम्मानंही तेच केलं. होता नव्हता तो पुरावा मायलेकींनी भक्तीनं बुजवून टाकला, आता काय म्हणावं!

मनस्विनीबाई तिच्या घरी आल्या, मागोमाग शेषेराव. देव वीतभर लांब आणि मनगटाएवढा जाड झाला होता.

"आजी, शेंदूर काढावा लागेल."

गंगम्मा थिजली. शेंदराची खोळ आपणहून गळावी, माणसानं काढायची नसते. आणि खाली दुसराच आकडा निघाला तर? देवही गेला आणि बापही गेला. आजवर निदान बापाच्या बाजूनं मनात एक दिवा तेवत होता.

"ऱ्हाऊ द्या गंगम्मा," शेषेराव घाईनं म्हणाला. "देवाला कशाला हात लावता?"

तो देव्हाऱ्यासमोर आडवा येऊन उभा राहिला. भीती त्यालाही आहे, हे तिला कळलं, आणि तिचा निर्धार झाला.

तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कोमट तेल सोडत तिनं नखांनी खोळ उकलली. शेंदराची ढेकळं ताटात पडत होती. सगळ्यात खालचा काळसर थर आईच्या हातचा, तो सुटताना तिला रडू आवरेना. मग बोल्टच्या दांड्यामागं मनस्विनीबाईंनी कापूस फिरवला आणि भिंग धरलं.

"आठ," त्या म्हणाल्या. "चार." फटीतला शेंदूर सुईनं टोकरला. "एक."

शेषेरावनं मान पुढं काढून भिंगात डोकावलं.

"सात."

"वाटेतनं पळालेल्याच्या हाती हे कसं येईल," शेषेराव स्वतःशीच म्हणाला. "भीमाशंकरकाका तिथं होते. आमचा बाप खोटं बोलला." तो तिच्या पायांकडे वाकला. गंगम्मानं पाय मागं घेतले.

"हितं नगं, शेषा. पारावर चल. तुझा बाप जिथं बसून बोलला, तिथं बसून बोल."

शेषेराव मान खाली घालून उभा राहिला. मग त्यानं चपला घातल्या आणि तो पुढं निघाला. गंगम्मानं शेंदरानं माखलेले हात पुसले नाहीत. बोल्टसकट बापाला पदरात घेऊन ती त्याच्या मागं चालू लागली.