हनुवटीखालची गळती

थांबा, मला कातरणीबरोबर झाडून टाकू नका! उसवलेली शिवण आणि चपटा झालेला फोम बघून तुम्ही मला चिंधी समजाल, पण मी गळपट्टा आहे. हेल्मेटच्या खालच्या कडेला, हनुवटीपासून मानेपर्यंत टिचबटणांनी बसणारा. आजच मला उसवलंय, आणि खरं सांगू, मला त्याचा आनंदच झालाय.

माझा जन्म गाड्यांच्या सीट शिवायच्या दुकानात झाला. आई म्हणजे रेक्झिनचा उरलेला तुकडा आणि बाप म्हणजे फोमची कातरण. एरवी दोघांची रवानगी केराच्या टोपलीतच व्हायची. मला शिवणारे मिस्त्री साठी उलटलेले. उभा जन्म मशीन आणि पिना मारायच्या बंदुकीच्या दणदणाटात गेल्यामुळे त्यांचा एक कान पार बसलेला, दुसरा मेहेरबानीवर चाललेला. समोर बसलेल्या माणसाशीही ते नदीपलीकडच्याला हाक मारावी तसे बोलतात. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची लेक, एवढीच माणसं. ही लेक माझी मालकीण.

तिचं काम ऐकून तुम्हाला नवल वाटेल. ती पाणीपुरवठ्याच्या खात्यात गळती शोधते. रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते कळायला ती एक लांब लोखंडी कांडी जमिनीला टेकवते आणि दुसरं टोक कानाला लावते. आत पाणी कुठे सिसकारतंय ते तिला कळतं. लोकांचं पोट हातावर असतं, तिचं कानावर. खात्यात सगळे तिला कानबाई म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं.

पण कामाच्या जागा लांब लांब. दिवसभर मोटारसायकल, मोठा रस्ता आणि हेल्मेटमध्ये घोंगावणारा वारा. संध्याकाळी कानात शिट्टी घेऊनच ती घरी यायची. पुढे ती शिट्टी सकाळीसुद्धा जाईना. मग एकदा तिने सांगितलेल्या जागी खोदलं, तर नळ ठणठणीत निघाला. दुसऱ्यांदाही तेच. साहेब भला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, कान तपासून घ्या. गेल्या वर्षीपेक्षा कमी निघाले, तर मला तुम्हाला तक्रार खिडकीवर बसवावं लागेल."

कानात बोळे घालावेत, तर तिचे कान लहानपणापासून फुटणारे. काही घातलं की दुसऱ्या दिवशी पू. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "कानात काही म्हणजे काही घालायचं नाही. बोळे नाहीत, कापूस नाही आणि तेल तर नाहीच नाही."

"मग वाऱ्याचं काय करू?"

"आवाज बाहेरच अडवा. वेग कमी ठेवा, मधे थांबून कानांना विसावा द्या. गेलेलं परत येत नसतं, आहे ते सांभाळा."

घरी तिने हे बापाला ओरडून ओरडून सांगितलं. शेजारपाजाऱ्यांनाही फुकटात कळलं. मिस्त्री म्हणाले, "माझं गेलं ते गेलं. तुझं मी जाऊ देणार नाही."

आणि लागले की कामाला! हेल्मेटमध्ये कानांपाशी दुप्पट फोम कोंबला. गाडीला पुढे भली मोठी उंच काच बसवली. लेक फेरी मारून आली ती डोकं धरूनच. कान चेमटले होते, मागचा हॉर्न ऐकू येईना आणि घोंगावणं आधीपेक्षा वाढलेलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत.

मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा पायरीवर बसल्या बसल्या लेक एकदम हसली. "बाबा, आपण दोघं वेडे आहोत! पाणी जिथे दिसतं तिथे नळ फुटलेला नसतो, हे मी रोज लोकांना सांगते. आवाज कानात येतोय म्हणून आपण कान बुजवत बसलो. वारा कुठून शिरतोय ते बघितलंच नाही!"

दुकानात धूळ उडवायचं ब्लोअर होतं. उभ्या गाडीवर ती हेल्मेट घालून बसली आणि मिस्त्री ब्लोअर धरून तिच्याभोवती फिरू लागले. कपाळ, कान, डोक्याची मागची बाजू. ती हाताने खूण करी, इथे नाही, इथेही नाही. ब्लोअर हनुवटीखाली आलं आणि ती जागच्या जागी उडालीच. "इथे! इथे फुटलंय!"

काचेचंही तिने शोधलं. रिकाम्या रस्त्यावर चालवताना सीटवरून जरा उंच झाली, तर आवाज कमी. म्हणजे काचेवरून उसळलेला वारा नेमका हनुवटीवर आदळत होता. काच कापून खाली घेतली, कानांपाशी कोंबलेला फोम काढून टाकला आणि हनुवटीखाली मी आलो. पहिल्या खेपेला मी गळाच आवळला, तिला मान वळवून मागे बघता येईना. उसवलं, पुन्हा शिवलं. मग बसलो बरोबर.

पहिल्या दिवशी वारा नेहमीप्रमाणे आगंतुक पाहुण्यासारखा आत घुसायला आला. मी दारातच अडवला. थोडा शिरलाच, नाही कशाला म्हणू? पण हॉर्न ऐकू येत होते, आणि ते यायलाच हवेत. तीही वेग आवरून चालवायची, मधे थांबायची. रोज संध्याकाळी मिस्त्री कानाजवळ बोट गोल फिरवून विचारायचे, शिट्टी आहे का? ती बोटांची चिमूट करून दाखवायची, म्हणजे थोडी आहे. मग एके दिवशी तिने नुसतीच मान हलवली. नाही. मिस्त्रींनी हेल्मेटची काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसले.

तपासणीत कान गेल्या वर्षीइतकेच निघाले. कांडी तिच्याकडेच राहिली.

उन्हापावसात मी तिच्या गळ्याशी राहिलो. तिचं गुणगुणणं ऐकलं, ट्रकवाल्यांना दिलेल्या शिव्याही ऐकल्या. केरात जायच्या कातरणीला याहून काय हवं? मिस्त्रींचा, तिचा, अगदी त्या ब्लोअरचासुद्धा मी ऋणी आहे.

आज ती आली आणि हेल्मेट काढता काढता म्हणाली, "बाबा, पट्टा डावीकडून गळतोय. अगदी बारीक आवाज येतो." मिस्त्रींनी मला उलटसुलट केलं. खरंच, डावीकडे केसाएवढी फट पडली होती. मला स्वतःलाही तिचा पत्ता नव्हता, पण तिला ती ऐकू आली. तेवढ्यासाठीच तर मी जन्मभर तिथे बसलो होतो.

आता मला उसवून नव्या रेक्झिनवर अंथरलंय. मिस्त्री माझ्या कडेने खडू फिरवताहेत, माझ्याच मापाचा नवा पट्टा बेतताहेत. ज्यांच्या कानात काही घालता येत नाही, त्यांनी नशिबाला बोल लावत बसू नका हो. आधी वारा कुठून शिरतो ते शोधा. आणि मिस्त्री, डावीकडची शिवण जरा दुहेरी घाला.