मुठीवरच्या दातांच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे, हातभर लांब आणि लाकडी मुठीचा. पण स्क्रू पिळायला मला कुणी हात लावला त्याला कित्येक वर्षं झाली. माझं टोक केव्हाच झिजून गुळगुळीत झालं आहे. हसू नका, माझं काम वेगळं आहे. चालत्या मोटरच्या बेअरिंगवर माझं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत काय बिघडलंय ते मी लगेच कानात सांगतो. चहाडी हाच माझा धंदा म्हणा ना!

माझे पहिले मालक कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात थोरले मिस्त्री होते. त्यांच्या हाताखाली एक नवे मिस्त्री आले. एका सकाळी या नव्या मिस्त्रींना माझ्यातून बारीक खरखर ऐकू आली. पण आपण नवखे, चूक निघाली तर सगळे हसतील, म्हणून ते मूग गिळून बसले. दुपारी बेअरिंग फुटलं आणि थोरल्या मिस्त्रींची दोन बोटं गेली. महिन्याभराने ते कामावर परतले, तेव्हा ओरडले नाहीत की बोलणं टाकलं नाही. उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी मला उचललं आणि त्या नव्या मिस्त्रींच्या हातात दिलं. म्हणाले, "शंका आली की आधी माणूस बाजूला, मग मशीन. चूक निघाली तर लोक हसतील. हसू देत."

तेच नवे मिस्त्री माझे दुसरे मालक. त्यांनी ते वाक्य वर्षानुवर्षं पाळलं आणि आपल्या लेकीलाही शिकवलं. ती चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. घरी मला शिलाई मशीनच्या मोटरवर टेकवून ते तिला ऐकायला शिकवत होते. तिने माझी मूठ सरळ तोंडात धरली आणि ओरडली, "बाबा, दातांत गुणगुणतंय!"

"तोंडात काय घालतेस? हे कानानं ऐकायचं असतं!" मिस्त्री रागावले. तिच्या दुधाच्या दातांच्या खुणा मात्र माझ्यावर राहिल्या.

लेक मोठी झाली, शिकली आणि त्याच कारखान्यात बाबांच्या शेजारी उभी राहून काम करू लागली. "मिस्त्रींचा कान म्हणजे कान!" असं सगळे म्हणायचे. पण चाळीस वर्षांच्या गोंगाटाने तो कान निकामी झाला होता. ते पहिल्यांदा मला कळलं. मी घसा फोडून सांगायचो आणि ते समोरच्यांचे चेहरे बघून मान डोलवायचे. मला सगळ्या यंत्रांच्या चहाड्या करता येतात, पण आपल्या मालकाचं गुपित सांगता येत नाही. मी फार घाबरून राहायचो.

मग तो दिवस आला. जमिनीखालची टाकी साफ करायची होती. लंबू नावाने ओळखला जाणारा कामगार कमरेला दोर बांधून शिडीने आत उतरला. आतली हवा विषारी असल्यामुळे वरून ब्लोअर त्याला ताजी हवा पुरवत होता. ब्लोअर थांबला तर दोन मिनिटांत माणूस बेशुद्ध पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खालून लंबूच्या खरवडण्याचा आणि शिट्टीचा आवाज येत होता.

लेकीने मला ब्लोअरच्या बेअरिंगवर टेकवलं. आत खडे भरडावेत तशी खरखर चालली होती. मी सगळं सांगून टाकलं.

"लंबूदादाला वर घ्या. बेअरिंग जातंय," ती म्हणाली.

दोर मुकादमाच्या माणसांच्या हातात होता. मुकादम म्हणाला, "तासाभराचं काम उरलंय. मिस्त्री सांगतील तर घेतो."

मिस्त्रींनी मला कानाला लावलं. मी जीव तोडून ओरडलो. पण काही उपयोग नाही! त्यांची नजर मुकादमाच्या ओठांवर, मग लेकीच्या ओठांवर फिरली.

"ठीक आहे. चालू दे," ते म्हणाले.

मुकादम हसला. "ऐकलंस? तुझी पुस्तकं ठेव कपाटात."

लेक हसली नाही. ती बाबांच्या नजरेकडे बघत होती आणि तिला सगळं समजलं. आता बोलावं तर चारचौघांत बापाची अब्रू जाणार. गप्प बसावं तर खाली लंबू. खालची शिट्टी चालूच होती.

तिने मला बाबांच्या हातातून घेतलं, टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ त्यांच्या तोंडापुढे धरली.

"बाबा, दातांत धरा."

"वेड लागलं का हिला?" मुकादम म्हणाला. मिस्त्रींचा चेहरा लाल झाला. क्षणभर वाटलं, आता ते मला भिरकावून देणार. पण ते वाकले आणि त्यांनी मला कचकन दातांत धरलं. माझ्याजवळ होती नव्हती ती सगळी थरथर मी त्यांच्या दातांत ओतली.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वर घ्या त्याला! आधी माणूस! ओढा!"

दोर ताणला गेला. लंबू कुरकुरत शिडी चढू लागला, "अहो, एक कोपरा राहिलाय!" त्याचा दुसरा पाय जमिनीवर आला न आला तोच ब्लोअर किंचाळला आणि बंद पडला. लंबू मटकन खाली बसला. मुकादमाने पुढे होऊन त्याच्या कमरेचा दोर सोडला.

मिस्त्री म्हणाले, "माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. लोक हसतील म्हणून लपवलं." मग लेकीकडे वळून म्हणाले, "हे दातांचं तू चार वर्षांची असताना सांगितलं होतंस. मी रागावलो होतो." आणि त्यांनी मला तिच्या हातात दिलं, पूर्वी थोरल्या मिस्त्रींनी दिलं होतं तसंच.

आता मी तिच्याकडे असतो. नव्या माणसांना काम शिकवताना ती आधी माझी मूठ दाखवते. त्या मुठीवर दातांची एक छोटी खूण आहे आणि एक मोठी. कुणीतरी मला घासून चकचकीत करायला निघालं होतं, तिने करू दिलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या हत्यारांना कोरडं ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट लावा. तुमच्या घरातल्या थोरांना कमी ऐकू येऊ लागलं तर त्यांच्यावर ते लपवायची वेळ आणू नका. आणि कधी तुमच्या कानाला खरखर जाणवली, तर गप्प बसू नका. चूक निघाली तर लोक हसतील. हसू देत. त्या दिवशी लंबूसुद्धा हसला, टाकीच्या बाहेर बसून.