बर्फाचा पाठ

दरवर्षी जानेवारीत समिती यायची आणि दरवर्षी आमचं अध्यापक विद्यालय सुधारायचं. सुधारायचं म्हणजे, मागच्या वर्षीच्या प्रत्येक सूचनेसमोर 'पूर्तता केली' असं लिहून प्राचार्य मानसिंगराव सही करायचे. इंदापूरच्या त्या विद्यालयाला चौथीपर्यंतची एक शाळा जोडलेली होती. मास्तरीण होऊ घातलेल्या पोरींनी तिथं शिकवण्याचा सराव करायचा. मी त्या शाळेची शिपाई. घंटा द्यायची, फळा पुसायचा आणि दारात बसून पाठ ऐकायचे. मला वाचता येतं ते त्या दारातूनच. त्याची पूर्तता कुणी केली नव्हती.

समितीपुढचा पाठ ठरलेला असायचा, 'पाण्याची रूपं'. त्याचं टाचण एकीनं दुसरीचं उतरवत आठ वर्षं चाललेलं. स्टँडजवळच्या सरबतवाल्याकडून थर्मासात बर्फ आणायचा, स्टोव्हवर किटली चढवायची. पोरांचा तो पाठ इतका घोटलेला की शिकवणारी अडली तर पहिल्या रांगेतून आवाज यायचा, "बाई, आता बर्फ काढायचा." त्यांचा जीव त्या बर्फातच, पाठ झाल्यावर तो त्यांच्यात वाटला जायचा.

पंच्याण्णवच्या समितीनं लिहिलं, मुलांचा सहभाग वाढवावा. मानसिंगरावांनी वाढवला. कुठल्या प्रश्नाला कोण उठणार याची यादीच केली. शेवटचं उत्तर, 'वाफ', माधवीच्या वाट्याला आलं. तिचा बाप उजनी धरणाच्या फुगवट्यात मासे धरायचा. पोरगी इतकं ठासून 'वाफ' म्हणायची की किटलीलाही पटावं.

पुढच्या साली पाठ मिळाला ज्योत्स्नाला. ती पळसदेवची, पाटबंधारे खात्यातल्या साहेबरावांची लेक. त्या पाठाचे गुण वर्षाच्या गुणांत धरायचे आणि त्या गुणांवर नोकरीची यादी लागायची. पोरीचं सगळं त्या पस्तीस मिनिटांवर होतं.

समितीला दहा दिवस राहिले असताना रंगीत तालीम झाली. ज्योत्स्नानं फळ्यावरच्या 'वाफ' या शब्दावर छडी ठेवली. माधवी म्हणाली, वाफ. ज्योत्स्नाला काय वाटलं कोण जाणे, तिनं छडी 'बर्फ'वर ठेवली. माधवी म्हणाली, वाफ. मग 'पाणी'वर ठेवली. तेव्हाही वाफच. चौथीतल्या पोरीला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि ती पहिलीत आल्यापासूनच्या कुठल्याही समितीला ते दिसलं नव्हतं.

ज्योत्स्ना मानसिंगरावांकडं गेली. ते म्हणाले, उत्तर बरोबर देतेय ना, मग झालं. त्या दिवसापासून शाळा सुटली की ज्योत्स्ना माधवीला घेऊन बसायची. मी कुलूप लावायला मुद्दाम उशीर करायचे.

समिती बारामतीला मुक्कामी होती. दहाला यायची ती साडेबाराला आली. मधेच मोरगावला उलटं जाऊन गणपतीचं दर्शन घेऊन आली होती. तिघांच्याही कपाळाला गंध आणि अध्यक्षांच्या हातात प्रसादाचा नारळ. शिक्षणापेक्षा तोच त्यांना जास्त जड होत असावा, कारण आल्या आल्या तो त्यांनी माझ्याकडं दिला.

पाठ सुरू झाला. ठरल्या जागी पहिल्या रांगेनं सांगितलं, "बाई, आता बर्फ काढायचा." ज्योत्स्नानं थर्मास उघडला. आत नुसतं पाणी. मानसिंगरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू बर्फ मीच गिळला.

ज्योत्स्नानं त्या पाण्यात बोट बुडवलं आणि कोऱ्या फळ्यावर ओल्या बोटानं मोठ्ठा शब्द लिहिला. टाचणात नसलेला.

"माधवी, वाच."

यादीत नसलेल्या वेळी नाव आलं म्हणून माधवी दचकून उठली. फळ्याकडं बघत राहिली. अध्यक्ष घड्याळाकडं बघत राहिले.

"हो," ती म्हणाली. थांबली. "होडी."

तोवर शब्द कडेनं वाळायला लागला होता. बघता बघता फळा पुन्हा काळा झाला.

"कुठं गेली होडी?" ज्योत्स्नानं विचारलं.

या प्रश्नाला कुणी उठायचं ते यादीत नव्हतं. माधवी पुढं गेली, फळ्यावरनं हात फिरवला.

"वाळली," ती म्हणाली. मग हळूच, "वाफ झाली व्हय, बाई?"

मी दारात होते. फळा वाळतो ते मी बारा वर्षं रोज बघत होते; मलाही ते तेव्हा कळलं.

दुपारी जेवणं उरकून समितीनं शेरे लिहिले. खाली ज्योत्स्नाची सही हवी होती. तिनं कागद वाचला. टाचणाप्रमाणे पाठ नाही. साहित्य ऐनवेळी बदलले. बर्फ सुस्थितीत ठेवण्याची व्यवस्था करावी.

"सर, ती मुलगी आज वाचायला लागली," ती म्हणाली. "ते कुठं लिहिलंय?"

अध्यक्षांनी छापील कागद उलटसुलट करून बघितला. मनापासून बघितला, तेवढं म्हणायला पाहिजे.

"त्याला रकाना नाही, बाई."

ज्योत्स्नानं सही केली. न करून करते काय.

नोकरीच्या यादीत तिचं नाव खालून दुसरं आलं आणि कऱ्हाटीकडच्या एका शाळेवर तिला पाठवलं. जिथं कुणी समिती फिरकत नाही तिथं. पोरांचं नशीब.

इकडं सूचनेची पूर्तता झाली. बारामतीहून भलामोठा थर्मास आला. मानसिंगरावांनी त्यावर तांबड्या रंगात लिहून घेतलं. पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेली माधवी एकदा सहज आली, तर व्हरांड्यातल्या टेबलावर तो दिसला. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिनं वाचलं. "समि-ती-च्या सू-च-ने-नु-सार."

"मावशी, म्हंजी काय?"

मी थर्मास हलवून बघितला. शिक्षकांसाठी दुपारचा भरलेला होता.

"म्हंजी च्या हाय आत," मी म्हटलं. "घेतीस का घोटभर?"