चंद्रावतीची गुळण्यांची पूड

मी ग्लुटामिनची पूड. पांढरी, जवळजवळ बेचव. पनवेलच्या एका मेडिकलमध्ये मी पिळदार दंडांची चित्रं असलेल्या डब्यांच्या रांगेत उभी होते. मनिषा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली आणि मला घरी, सासूसाठी घेऊन गेली.

सासू म्हणजे चंद्रावती. गावोगावच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण. तिच्या जिभेला कर्करोग झाला होता. किरणोपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड असं आलं की पाण्याचा घोटही झोंबायचा. वजन उतरत चाललं होतं.

डॉक्टरांनी मनिषाला स्पष्ट सांगितलं होतं, "या पुडीच्या गुळण्यांनी काहींना आराम पडतो, काहींना नाही. पण किरणं चुकवू नका."

पहिल्या दिवशी चंद्रावतीने मला पाण्यासकट मोरीत थुंकून टाकलं. मी काही रुसले नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला तोंडात धरलं, डोळ्यांतून पाणी काढत खळखळवलं आणि गिळलं. मग रोज तीन वेळा. जखमा काही पळाल्या नाहीत. पण आठव्या दिवशी वाटीभर पेज पोटात गेली.

त्याच दिवशी तिचे थोरले दीर काशिराम दारात आडवे उभे राहिले.

"रिक्षा मी परत धाडली. शेकून शेकून जीव घेतील तुजा. बस झाला आता!"

कित्येक दिवस न बोललेली चंद्रावती फाईल काखेत मारून उठली. एकेक शब्द तिला सोलत होता.

"भावजी, तुमी बसा घरान. जीव माजा हाय. मी जानार."

आणि ती चालत नाक्याकडे निघाली. मनिषा मला पिशवीत टाकून मागे धावली.

उपचार पुरे झाले. आता ती भात खाते, वजनही भरतंय. डॉक्टरांनी मला बंद केलंय. मी डब्याच्या तळाशी चमचाभर उरलेय.

काशिराम मात्र गावभर सांगतात, "पूड खाल्ली नि बरी झाली!"

साफ खोटं! तेहेतीस वेळा किरणांच्या त्या यंत्राखाली ती झोपली, मी नाही. माझ्या नावावर तिची लढाई खपवू नका.

काल शेजारची भामा आजारी भावासाठी मला मागायला आली. चंद्रावतीने माझं झाकण घट्ट लावलं आणि चपला पायात सरकवल्या.

"पूड नाय देनार. भावाला उठव. डाक्टरकडं मी येतंय तुमच्यासंगं."