तीन-ए, लोरोंग पाहट

क्वा थिआम सेंगने पेनांगच्या जॉर्जटाउनमधल्या निम्म्या जुन्या दुकानांच्या पाट्या कोरल्या होत्या. औषधवाले, बिस्किटवाले, सोनार, दोन देवळं आणि एक दंतवैद्य, सगळ्यांच्या दारावर त्याच्या हातची सागाची फळी आणि सोन्याचा वर्ख होता. पाटी लावून झाली की मालक हमखास विचारायचा, आता गिऱ्हाईक वाढेल ना? थिआम सेंगचं उत्तर ठरलेलं होतं. पाटी कुणाला घरातून उठवून आणत नाही, आलेल्याला दार चुकू देत नाही, एवढंच तिचं काम. मालकांना हे उत्तर आवडायचं नाही, पण पाटी आवडायची.

असं सांगत हयात घालवलेला हा माणूस अडुसष्टाव्या वर्षी पैसे मोजून चाळीस ठिकाणी आपल्या नावाच्या पाट्या लावून बसला, आणि त्याही अशा, की ज्या कुणाच्या नजरेला पडत नव्हत्या.

वेळच तशी आली होती. दुकान क्वा कुळाच्या संस्थेच्या मालकीचं. जुना धंदा चालवणाऱ्या कुळातल्या माणसाला संस्था कमी भाड्यात जागा देते, पण धंदा चालता हवा. करार संपत आला होता आणि समितीत आता तिशी-पस्तिशीची पोरं बसली होती. संस्थेचा चिटणीस हॉक ची हा थिआम सेंगचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने एका सकाळी कॉफीच्या दुकानात बातमी दिली.

"केकवाला आलाय जागा मागायला. परदेशी मशिनं, पांढऱ्या टाइल्स, सगळं लावणार म्हणतोय."

"त्याचं आडनाव क्वा आहे?"

"बायकोचं आहे. ते सोड. समितीची पोरं म्हणतात, तुझा धंदा चालतो कशावरून? बैठकीत फोन काढणार, 'पाटी कोरणारा, पेनांग' असं घालणार. पहिल्या पानावर दिसलास तर करार. नाही दिसलास तर केक."

"चाळीस वर्षं दुकान चालवलं ते फोनला माहीत नसेल तर मी काय करू?"

"फोनला सांग की मग," हॉक ची म्हणाला आणि थिआम सेंगच्या बशीतला शेवटचा टोस्ट उचलून खाल्ला.

सांगणार कसं, हे टेरेन्सला माहीत होतं. टेरेन्स लिम, दुकानांची नावं इंटरनेटवर चढवून देणारा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे नाहीत. धंद्यांच्या ऑनलाइन डिरेक्टऱ्या असतात, त्यांत पैसे भरून नाव घालायचं, जितक्या जास्त ठिकाणी नाव तितका नंबर वर, असा त्याचा हिशोब. 'सुवर्ण योजना' घेतली तर चाळीस डिरेक्टऱ्यांत, वर्षभर.

"सुवर्ण म्हणजे? सोनं कुठे आहे यात?" थिआम सेंगने विचारलं. सोन्याच्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

"नाव आहे हो ते, अंकल."

"आणि या चाळीस डिरेक्टऱ्या वाचतं कोण?"

टेरेन्स पोरगा खोटारडा नव्हता, फक्त घाईत होता. "माणसं फारशी नाही वाचत. मशीन वाचतं. मशीनला वाटतं, एवढ्या ठिकाणी नाव आहे म्हणजे मोठा माणूस असणार."

"म्हणजे अंधाऱ्या खोलीत चाळीस पाट्या लावायच्या."

"बरोब्बर," टेरेन्स म्हणाला. आपल्याला टोमणा बसलाय हे त्याच्या गावीही नव्हतं.

पत्ता विचारल्यावर थिआम सेंगने दाराकडे बोट केलं. दारावर हाताएवढी फळी होती, तिच्यावर वर्खात कोरलेलं, तीन-ए. लोरोंग पाहटच्या एका बाजूला देवळाची भिंत, त्यामुळे घरांचे नंबर एकाच ओळीत लागलेले. एक, दोन, तीन, मग तीन-ए, मग पाच. नगरपालिकेच्या दप्तरी आणि विजेच्या बिलावर ते घर चार नंबरचं होतं, पण चार म्हणजे मरणाचा आकडा, चिनीत दोन्हींचा उच्चार जवळपास एकच. लग्नानंतर इथे राहायला आले तेव्हा त्याची बायको ग्वात इम उंबऱ्याबाहेर ट्रंकेवर बसून राहिली होती. नवीन फळी लागेपर्यंत ती आत आली नाही. तिच्यासाठी थिआम सेंगने भर उन्हात, रस्त्यावर बसून, तीन-ए कोरलं. पुढे तिने तो आकडा घरात कधी उच्चारू दिला नाही. गिऱ्हाईक तेवढ्या पाट्या मागायला आलं तर ती पावतीवर 'तीन आणि वर एक' लिहायची. चुकून कुणी बोललंच, तर मागच्या खोलीतून ओरडायची. दीड वर्षापूर्वी ती गेली. तो आकडा न उच्चारताच गेली.

टेरेन्सने फोन पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अंकल, नकाशावर तुमच्या नावाची एक नोंद आधीच आहे. पत्ता मात्र चुकलाय. चार, लोरोंग पाहट."

"हळू बोल! माझं दुकान त्या नंबरावर नाही."

"एकसष्ट जणांनी रिव्ह्यू लिहिलेत. खाली चिनीतही काहीतरी आहे, मला चिनी वाचता येत नाही. बघा."

त्याने फोन पुढे केला. थिआम सेंगला चिनी उत्तम वाचता येत होतं, पण त्याची नजर त्या आकड्यावर गेली आणि तिथूनच परत फिरली. "काढून टाक," तो म्हणाला. "कुणीतरी आगाऊपणा केलाय. मढं बसवलंय माझ्या दारात."

टेरेन्सने नकाशाला कळवलं, या पत्त्यावर असं दुकान नाही. मग चाळीस डिरेक्टऱ्यांत चाळीस वेळा तीन-ए घातलं.

दोन महिने गेले. थिआम सेंग रोज सकाळी चष्मा लावून फोनमध्ये स्वतःला शोधायचा. स्वतःचं पूर्ण नाव घातलं की डिरेक्टऱ्यांची रांग यायची, एकीत त्याचं नाव केशकर्तनालयांत होतं, दुसरीत अंत्यसंस्काराच्या सामानात. नुसतं 'पाटी कोरणारा' घातलं की कुणीच यायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे दुकानातला फोन वाजायचा थांबला. पूर्वी आठवड्याला दोन-तीन अनोळखी माणसं विचारणा करायची, कुणी सिंगापूरहून, कुणी इपोहहून. ती कुठून येतात हे त्याने कधी विचारलं नव्हतं. बायको फोन घ्यायची, तो कोरायचा. आता कोरायला काही नव्हतं म्हणून तो पटाश्यांना धार लावत बसायचा, आणि मनातून घाबरला होता.

बुधवारी दुपारी हॉक ची धापा टाकत आला. "अरे, तू मेलास की काय?"

"तोंड सांभाळ."

"मी नाही म्हणत, हे म्हणतंय." त्याने फोन दाखवला. क्वा थिआम सेंग, लाकडी पाट्या. खाली लाल अक्षरांत, कायमचे बंद. "रविवारी बैठक आहे. त्या पोरांनी हे बघितलं की मी काय बोलू? तू कालच माझ्या हातची सिगरेट ओढलीस म्हणून सांगू?"

हॉक चीनेच थिआम सेंगच्या मुलीला फोन लावला. सू यिन बायान लेपासच्या कारखान्यात माल तपासायचं काम करायची. चूक शोधण्याचाच पगार घ्यायची ती. संध्याकाळी कामावरची चप्पल न बदलता आली, अर्धा तास फोन चाळला आणि बापाकडे वळली.

"पा, गिऱ्हाईक याच नोंदीवरून येत होतं. हीच वर होती, तिसरी-दुसरी. एकसष्ट माणसांनी मनापासून लिहिलंय, फोटो टाकलेत. तुम्ही हिलाच मारून टाकलंत."

"पत्ता चुकीचा होता."

"पत्ता बरोबर होता! चुकीचा आपल्या दारावर आहे. नगरपालिका एक म्हणते, तुमच्या चाळीस डिरेक्टऱ्या दुसरंच म्हणतात. मशीनने काय समजायचं? एक दुकान मेलं आणि दुसऱ्याला कुणी ओळखत नाही."

तिने टेरेन्सला फोन लावला आणि त्याची अशी काही हजेरी घेतली, की पलीकडून बराच वेळ नुसतं "हो ताई, हो ताई" एवढंच ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला, "मी नाही उघडू शकत, ताई. त्या नोंदीला मालक आहे. त्यानेच सांगायला हवं की दुकान चालू आहे. मेलचा पत्ता अर्धा झाकलेला दिसतोय. जी, यू, ए, मग ठिपके, शेवटी तीन आणि ए."

सू यिनने फोन खाली ठेवला. "पा, हा आईचा मेल आहे. मीच काढून दिला होता. तीन-ए पाहिजे म्हणून हटून बसली होती."

ग्वात इमचा फोन तिच्या चष्म्याशेजारी मागच्या खोलीतल्या खणात होता. थिआम सेंगने तो कुणाला दिला नव्हता, उघडलाही नव्हता. चार्जरला लावल्यावर तो बराच वेळ काळाच राहिला. हॉक ची म्हणाला, संपला असेल, आणि मग जीभ चावली. थोड्या वेळाने पडदा उजळला, दुकानाचं वायफाय त्याला अजून ओळखत होतं, आणि एकामागून एक निरोप उतरायला लागले. नकाशाकडून तिला तीनदा पत्र आलं होतं. तिन्हींत मजकूर तोच.

'तुमचे दुकान कायमचे बंद झाल्याचे आम्हाला कळवण्यात आले आहे. हे खरे आहे का?'

दोन महिने ते तिला विचारत होते. तिने उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी दुकान बंद झालं असं धरलं.

थिआम सेंग तिच्या खुर्चीवर बसला. रडू येतंय हे त्याला कळलं आणि त्याने ते लपवलं नाही. सू यिनने त्याच्या हातात फोन दिला. या खेपेला त्याने नंबराच्या खालचं चिनीही वाचलं.

'जुन्या पद्धतीच्या लाकडी पाट्या. नवरा कमी बोलतो, काम चांगलं करतो. गुरुवारी बंद. दारावर नंबर वेगळा दिसेल, तरी आत या. हेच दार आहे.'

आणि वर, तिने स्वतः भरलेल्या पत्त्यात, चार.

"हिने लिहिलं?" तो म्हणाला. "हिने? जन्मभर मला बोलू दिलं नाही आणि स्वतः लिहिलं?"

"लोकांना सापडायला हवं ना, पा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही फळी तिच्याच डोक्यात घातली असती."

"मी कशाला घालेन? फळी तिची होती," थिआम सेंग म्हणाला. "मला कुठल्याही नंबराचं काही नव्हतं गं. मी तिच्यासाठी पाळत होतो."

त्याने 'नाही, दुकान चालू आहे' दाबलं. लगेच नकाशाने पुरावा मागितला, दाराचा फोटो, नंबर स्पष्ट दिसेल असा.

गुरुवार सुट्टीचा वार. गुरुवारी त्याने काम केल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं, त्या गुरुवारी केलं. सागाचा उरलेला तुकडा घेतला, रंधा मारला, खडूने आकडा काढला. कोरायला दुपार गेली, कारण त्या आकड्यावर त्याचा हात बसलेला नव्हता, इतक्या वर्षांत तो कुणी मागितलाच नव्हता. शुक्रवारी वर्ख लावला, खरा, दोन थर. शनिवारी सू यिनने फोटो काढला. शेजारची पाच नंबरची म्हातारी बाहेर आली, फळी बघून दोन पावलं मागे सरली आणि विचारलं, "सेंग, घरात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," तो म्हणाला. "दुकान चालू आहे, एवढंच सांगायचं होतं."

जुनी फळी त्याने फेकली नाही. मागच्या खोलीच्या दारावर लावली, आतल्या अंगाने, ग्वात इमच्या खुर्चीसमोर.

रविवारी दुपारी हॉक चीचा फोन आला. मागे बैठक उठल्याचा गलका होता.

"झालं. तीन वर्षांचा करार. त्या पोरांनी फोन काढला, बघितलं, एकसष्ट माणसांचं कौतुक वाचून दाखवलं. एकाला तर तुझ्याकडून पाटीच हवीय."

"पहिल्या पानावर होतो?"

"होतास रे."

"कितवा?"

हॉक ची जरा घुटमळला. "वरून तीन सोडून."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन आणि वर एक. माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. समितीतही कुणी बोललं नाही, अध्यक्षाने नुसतं बोट ठेवलं."

"चार," थिआम सेंग म्हणाला.

मोठ्याने म्हणाला. मग फोन कानाला तसाच धरून, सवयीने, तो मागच्या खोलीतून ओरडा यायची वाट बघत थांबला. हॉक ची पलीकडून हॅलो, हॅलो करत होता. मागच्या खोलीतून कुणी ओरडलं नाही.