काळ्या मोटारीचा आख

वाटेत गाडीचा आख मोडला आणि त्यापायी कोणाचा जीव गेला, तर तो आख आमच्या घरात पुन्हा सांधत नाहीत. सुतार म्हणो, "लाकूड चांगलं हाय, जोडून देतो," तरी नाही. शिवेबाहेर नेऊन टाकायचा आणि गाडीला नवा घालायचा. माझ्या बापानं तसं केलेलं मी पाहिलं आहे. पण तो बैलगाडीचा, बाभळीचा आख होता. मोटारीच्या लोखंडी आखाचं काय करायचं, हे आम्हाला कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

मी मानवतला एका जिनिंगच्या मालकाकडे ड्रायव्हर होतो. जिनिंग बंद पडली आणि मालक हैदराबादला निघाले. जाताना म्हणाले, "माणिकराव, ही म्हातारी तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. तूच घेऊन जा." मोटार विलायती, काळी, इंग्रजांच्या वेळची. नाकावरचा कंपनीचा बिल्ला आधीच कोणी उपटून नेला होता, म्हणून आमच्या राणीसावरगावात तिला काळी मोटार एवढंच नाव पडलं. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. कोणाला साप डसून पान लागलं, कोणी बाई अडली, की लोक आमच्या दारात येत आणि मी त्यांना गंगाखेडच्या दवाखान्यात नेत असे. कधी वाटेत बंद पडली नाही. घरच्या सुनेला न्यायची वेळ आली तेव्हाच पडली.

ते नामांतराच्या ठरावाचं साल. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि त्या श्रावणात मराठवाडा पेटला. कोणाची घरं जळाली आणि कोणी जाळली हे गावोगाव ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. एष्ट्या बंद, बाजार बंद. त्यातच माझी सून वच्छला हिला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण होती. मी तापानं अंथरुणावर, म्हणून मोटार माझ्या मुलानं, चंद्रभाननं काढली. गंगाखेडच्या अलीकडच्या चढावर मागचं उजवं चाक दांड्यासकट निसटून बाहेर आलं. मागून पुढून काहीच येणार नव्हतं. लेकरू रस्त्याच्या कडेला झालं आणि रडलं नाही. मुलगी होती.

जवळच्या मळ्यातल्या एकानं दोघांना बैलगाडीतून घरी आणलं. मोटार नंतर बैल लावून ओढून आणली आणि कडब्याच्या शेडात ढकलली. हळूहळू तिच्यावर रिकामी पोती, मोडके पलंग येऊन पडले.

दीड वर्ष गेलं. वच्छलाला पुन्हा दिवस राहिले. गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईनं बजावलं, "ही बाई घरी बाळंत होता कामा नये. कळ आली की इथं आणायची." वच्छलाची आई वारलेली, म्हणून माहेरी धाडायची सोय नव्हती. एष्टी दिवसातून दोनदा, आणि कळा काही एष्टी बघून येत नाहीत. मी शेडातली पोती काढली आणि गंगाखेडहून मौला मिस्त्रीला बोलावलं.

मौला मिस्त्री मोटारीखाली बराच वेळ पालथा-उताणा होत राहिला. बाहेर आला तेव्हा अंगणात चार माणसं जमली होती. तो म्हणाला, "हौसिंग साबूत हाय, पाटील." दोन चाकांच्या मधला तो पोट सुटलेला अख्खा आख, त्याला तो हौसिंग म्हणे. "आतला एक दांडा तुटला, टोकाचं बेअरिंग गेलं. हैदराबादला जुन्या बाजारात हिच्या जातीचा दांडा मिळंल. मी बनवून देतो."

"बनवायचा कशाला?" चंद्रभान मधेच बोलला. "परभणीला भंगारवाल्याकडं जीपचा अख्खा आख पडलाय. ह्यो काढा, त्यो टाका."

"त्यो रुंद हाय बाबा. स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक कापावी लागंल, वेल्डिंग मारावं लागंल. ब्रेकचे पाइप येगळे, इंजिनाकडून येणारी दांडी येगळी."

"म्हशीला घोड्याचे मागचे पाय लावा की!" शेजारचा भुजंग म्हणाला. "दूध बी देईल आन् वरातीत बी नाचंल."

सगळे हसले. माझी बायको दगडाबाई हसली नाही. ती ओट्यावरून म्हणाली, "हसा. ज्या आखानं लेकरू खाल्लं त्यो आख सांधायचा न्हाई. आपल्या घरात कवाच सांधला न्हाई."

"आगं, ते लाकडाचं व्हतं," मी म्हणालो.

"लोखंडाचं म्हणून काय त्याला पोट नसतं?"

दाराच्या आडून वच्छला बोलली. ती चारचौघांत बोलणारी नव्हती. "मामा, आत्याबाई म्हणतात तेच. त्या आखावर मी बसणार न्हाई."

चंद्रभान लगेच म्हणाला, "झालं मग. जीपचाच टाकू."

मला हे चमत्कारिक वाटलं. आईच्या उपासतापासाला एरवी हसणारा मुलगा आज तिच्या बाजूनं उभा होता. पण बायकोचं मन राखतोय असं मी धरलं.

भुजंग आणि बाकीचे पांगल्यावर मी मिस्त्रीला चहा दिला आणि विचारलं, "मौलाभाई, तुमची लेक असती तर कशावर बसवली असती?"

त्यानं बशी खाली ठेवली. "माझी लेक? जुन्यावर. डोळे झाकून. वेल्डिंग धरंल बी, न धरंल बी. आपला रस्ता तुमाला ठाऊक हाय."

म्हणजे जो आख भरवशाचा होता त्यावर ती बसणार नव्हती, आणि ज्यावर ती बसायला तयार होती त्याचा भरवसा नव्हता. जबरदस्तीनं बसवायची तरी कशी? कळा देणारी बाई मोटारीत घालायची, आणि वाटभर तिच्या मनात एकच, की खाली तेच लोखंड फिरतंय. त्या रात्री मिस्त्री आमच्याकडेच राहिला.

सकाळी उठून बघतो तर चंद्रभाननं बैलगाडी जुंपलेली. जॅक लावून हौसिंग खाली उतरवायची त्याची घाई चालली होती.

"कुठं निघालास?"

"शिवंवर टाकून येतो. आईच्या जिवाला शांतता."

मिस्त्री दात घासत होता. तो म्हणाला, "टाका, पण आधी मला उघडू द्या. तुटका टुकडा आत हाय. कशानं तुटलं ते तरी बघू."

"बघून काय करायचंय? तुटलं ते तुटलं."

"आरं, डॉक्टर मेलेलं माणूस बी फाडून बघतो."

त्यानं चूळ भरली आणि बोल्ट ढिले केले. झाकण निघालं. आतून पातळ तेल गळायला पाहिजे होतं, गळालं नाही. आत काळं, घट्ट काहीतरी थिजून बसलं होतं. मिस्त्रीनं बोटानं ते उकरलं, नाकाला लावलं, दोन बोटांत ओढून पाहिलं. त्यात अंबाडीचे तंतू होते.

"ये क्या है जी?" तो म्हणाला. "हे तर बैलगाडीचं वंगण!"

मला सांगायची गरज नव्हती. एरंडीचं तेल आणि काजळी खलून आमच्याच घरी ते होतं, आणि गाडीखाली टांगलेल्या बांबूच्या नळ्यात अंबाडीच्या बोळ्यासकट भरून ठेवतात. 

मिस्त्री माझ्याकडे बघून बोलत होता. "पातळ तेल असतं तर आतल्या दातेरी चाकासंगं वर उडून टोकापतूर जातं. हे पोटातच बसलं. टोकाचं बेअरिंग कोरडं जळालं, त्यानं दांडा खाल्ला. हौसिंगचा काय कसूर न्हाई."

चंद्रभान बैलाच्या वेसणीला धरून उभा होता. तो आपणहून म्हणाला, "तेल झिरपून गेलतं. सगळी दुकानं बंद. गंगाखेडला बी मिळंना, मानवतला बी मिळंना. गाडीच्या चाकाला चालतंय, तर हिच्या चाकाला का चालणार न्हाई, असं वाटलं."

"मला का न्हाई विचारलं?"

"तुमी तापात बरळत व्हता, दादा."

तेही खरं होतं. बैलगाडीच्या घरात वाढलेल्या पोराला दुसरं काय सुचणार? कोरड्या चाकाला वंगण द्यायचं, हेच आम्ही त्याला लहानपणापासून शिकवलं होतं.

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, टाकून देऊ. आईचं बी मन राहील, तिचं बी. जीपचा टाकू. कशाला कुणाला काय सांगायचं?"

तेव्हा मला त्याची घाई कळली. आख शिवेबाहेर गेला की त्याच्याबरोबर सगळंच जाणार होतं. आणि वच्छला दुसरं लेकरू पोटात घेऊन वेल्डिंगवर बसणार होती.

"आख सांधायचा," मी म्हणालो. "आन् का सांधायचा, ते तिला तू सांगायचं."

त्यानं मान हलवली. पण सांगितलं नाही. मिस्त्री हैदराबादला जाऊन दांडा आणि बेअरिंग घेऊन परत आला, तरी सांगितलं नाही. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायचो, तो रोज बैलांकडे बघायचा.

अंगणात मिस्त्री हौसिंग घासलेटनं धूत होता, चंद्रभान वरून डबा ओतत होता. वच्छला पाण्याची घागर घेऊन आली आणि थांबली.

"मामा, ह्यो तोच हाय ना?"

"तोच हाय."

"मी बसणार न्हाई म्हणले व्हते."

मी चंद्रभानकडे पाहिलं. मिस्त्री शहाणा माणूस, हात पुसत बैलांच्या गोठ्याकडे गेला. चंद्रभाननं डबा खाली ठेवला आणि सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. वंगण कुठून काढलं, कसं भरलं तेही.

दगडाबाई धावत बाहेर आली. "आगं, बाजार बंद व्हता. तुझ्यासाठीच धडपडला ना त्यो. मुद्दाम केलं का?"

वच्छलानं घागर उतरवली. ती नवऱ्याला म्हणाली, "मुद्दाम केलं न्हाई, ते कळतंय मला. तुमी घाबरला व्हता. पर त्याच्यानंतर? आत्याबाईंनी मला शनिवार धरायला लावले. बाया म्हणल्या, हिचा पायगुण. मी बी म्हणले, माझंच नशीब खोटं. तुमच्या शेजारी निजून म्हणले. तुमी ऐकत व्हता."

दगडाबाईचा पदर तोंडाला गेला. वच्छलानं घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची, वाढायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

हौसिंग बसला. मिस्त्री निघायच्या दिवशी ती मोटारीजवळ आली. "भाऊ, ह्यात तेल हाय का न्हाई ते बाहेरून कळतं का?"

मिस्त्रीनं तिला पोटावरचा बूच दाखवला, पान्यानं कसा सोडायचा ते दाखवलं. "आत बोट घालायचं, बाई. शेंडा भिजला की बस्स."

ती अवघडल्या अंगानं चवड्यांवर बसली, एका हातानं चाक धरलं आणि बोट घातलं. बाहेर काढून उन्हात धरलं, वास घेतला. मग विचारलं, "पाना घरी ठेवून जाता का?"

मिस्त्री ठेवून गेला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईकडे तपासायला जायचं होतं. मी म्हणालो, तेव्हाच मोटार नेऊन बघू, वेळेवर परीक्षा नको. दगडाबाई मागं बसली. ती सारखी पुटपुटत होती. चंद्रभाननं ड्रायव्हरकडचं दार उघडलं तशी वच्छला चढायची थांबली.

"मामा चालवतील," ती म्हणाली. "तुमी एष्टीनं या."

दगडाबाई आतून म्हणाली, "आगं, नवरा हाय तुझा!"

"म्हणून तर एष्टीनं या म्हणले. न्हाईतर येऊच नका म्हणले असते."

चंद्रभाननं दार माझ्या हातात दिलं. मी त्याच्याकडे न बघता बसलो. काही बोललो असतो तर कोणाच्या तरी बाजूनं बोललो असतो.

मोटार चांगली चालली. गंगाखेडच्या अलीकडचा चढ आला तसा माझा पाय आपोआप हलका झाला. वाटलं, इथं तिला उतरायचं असेल.

"थांबू नका, मामा," ती मागून म्हणाली.

मी गिअर बदलला. मोटार चढ चढू लागली आणि मी मागच्या आवाजाकडे कान लावून बसलो.