आंब्याच्या खुणेचं घर

मरीन परेडमधल्या आमच्या कॉन्डोच्या सगळ्या इमारती इतक्या सारख्या आहेत, की मी स्वतः एकदा परक्या दाराच्या कुलपाशी बराच वेळ झटापट केली आहे. शेजारच्या प्रेमावहिनी मात्र कधी चुकल्या नाहीत. अलीकडे त्यांना सगळ्याचाच विसर पडत चालला होता, नवऱ्याचं नावही सुटलं होतं, पण घर सुटलं नव्हतं. कारण आमच्या इमारतीच्या दारात आंबा होता. फ्लॅट घेताना त्यांनी स्वयंपाकघरसुद्धा पाहिलं नाही. झाड पाहिलं आणि नवऱ्याला, प्रबोधला, म्हणाल्या, सही करून टाक.

वहिनी मूळच्या डर्बनच्या. त्यांचे आजोबा रत्नागिरीहून तिकडे गेलेले. केटो मॅनर नावाच्या टेकडीवर पत्र्याचं घर, दारात आंबा. वहिनी लहान असताना सरकारने ठरवलं, की टेकडी गोऱ्यांची आहे. माणसं ट्रकात घालून चॅट्सवर्थच्या नव्या वसाहतीत नेली, घरं पाडली. देवळं तेवढी ठेवली, आणि झाडं. कायदा फार बारकाईचा होता, पण झाडांच्या रंगाबद्दल त्यात काही नसावं. पुढे लोक त्या ओसाड उतारावर जायचे आणि मुलांना दाखवायचे, तो फणस म्हणजे आपलं अंगण. चॅट्सवर्थची घरं अशी एकसारखी, की पहिल्याच संध्याकाळी छोटी प्रेमा भलत्याच घरात जाऊन जेवून आली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दारात आंब्याचं रोप लावलं आणि सांगितलं, आता चुकायचं नाही.

यंदा आमच्या आंब्याने एका महागड्या गाडीच्या काचेवर कैरी टाकली. कमिटीची बैठक भरली. प्रबोध जन्मभर जहाजाच्या इंजिनांत वावरलेला, त्याला विनवणी जमत नाही. तरी उभा राहून म्हणाला, की हे झाड आहे तोवर माझी बायको घरी येते. सगळ्यांना वाईट वाटलं. तशी नोंद झाली आणि झाड तोडायचं ठरलं. त्या जागी पाम लावणार होते. तो सभ्य असतो, अंगावर काही टाकत नाही.

झाड पडलं त्या संध्याकाळी दोघं समुद्रावरून फिरून आली. मी खाली बाकावर होतो. वहिनी उघड्या जागेपाशी थांबल्या. प्रबोधने दार दाखवलं, वरची आपली बाल्कनी दाखवली. त्यांनी मान वर केली नाही.

"तिकडे झाडं तरी ठेवली होती," त्या म्हणाल्या.

आत यायला तयार होईनात. पाडलेल्या घरात शिरायचं कसं, असा त्यांचा प्रश्न. पार थकल्या तेव्हा कुठे वर आणता आलं.

प्रबोध पडला इंजिनिअर. निकामी भाग बदलायचा, हे त्याचं शास्त्र. नर्सरीतून कंबरेएवढं आंब्याचं रोप आणलं आणि कुंडी माझ्या स्वाधीन करून तो वहिनींना फिरायला घेऊन गेला. परतल्यावर त्याने कुंडी उचलली. पुढे कुंडी, मागे वहिनी, त्यांच्यामागे मी, अशी आमची मिरवणूक लिफ्टमधून वर गेली. दाराशी त्याने कुंडी टेकवली आणि दार उघडलं.

वहिनींनी एक पान बोटांत धरलं. कित्येक महिन्यांत तो चेहरा तसा उजळलेला मी पाहिला नव्हता. त्या सरळ आत गेल्या. प्रबोधने माझ्याकडे पाहिलं, जिंकल्यासारखं, आणि उंबऱ्यावर पाय ठेवला.

वहिनींनी दारात आडवा हात धरला. आवाज लहान मुलीचा, पण घरंदाज.

"बाबांनी आत्ताच लावलंय, धक्का लावू नका हं. सामान सगळं ट्रकातून उतरलं ना, काका? मग निघा तुम्ही. आम्हाला जेवायचंय."

आणि दार हळूच लावून घेतलं.

किल्ली प्रबोधच्या खिशात होती. त्याने ती काढली नाही. जोड्यांच्या कपाटावर टेकला आणि कुंडीकडे बघत राहिला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ताटं मांडली जात होती. जरा वेळाने मी म्हटलं, चल, आमच्याकडे चहा घे.

"नको," तो म्हणाला. "ट्रक खाली उभा आहे."